राखणीचा हिशेब

सकाळी साडेसहा

मार्चमध्ये मुळशीत दोन गोष्टींची धास्ती असते, वणव्याची आणि ३१ तारखेची. वणव्याचं आधी बघावं लागतं, कारण तो तारीख देऊन येत नाही. म्हणून दिवसाची सुरुवात देवराईच्या कडेला, जाळरेषेवर. फेब्रुवारीत गवत कापून, जाळून ही पट्टी साफ केली होती. तेव्हापासून ऐन, किंजळ, साग सगळ्यांनी पाला टाकला आणि पट्टी पुन्हा भरली. आज पाच बायका खराटे घेऊन आल्यात. पाला झाडायचा म्हणजे नुसता बाजूला सारायचा नाही. कडेला ढीग राहिला आणि तो पेटला, तर ठिणगी उडून पट्टी ओलांडते. पाला टोपलीत भरून राईच्या आत न्यायचा, तिथे पातळ पसरायचा आणि पट्टीवर उघडी माती दिसेपर्यंत खराटा मारायचा. ऊन चढलं की वारा सुटतो आणि मग झाडलेलं परत पट्टीत येतं. त्यामुळे काम नऊच्या आत उरकायचं.

"ताई, उद्या मी न्हाय यायची," एकीने खराटा न थांबवता सांगून टाकलं. "हाटेलावर लगीन हाये. भांड्याला बोलवलंय. साडेसहाशे देत्यात, वर जेवान."

आम्ही पाचशे देतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर एप्रिल २०२५ मध्ये ३१२ रुपये ठरला होता. त्या भावात इथे कुणी खराट्याला हात लावणार नाही, आणि लावू नये. एकाच तालुक्यात हिंजवडी-माणचं आयटी पार्क आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत, धरणाच्या काठाकाठाने रिसॉर्टं आहेत आणि पश्चिमेच्या टोकाला ताम्हिणीचं अभयारण्य आहे. जंगल राखायची मजुरी या सगळ्यांशी झटत ठरते. गडचिरोलीच्या दराने मुळशीचं अंदाजपत्रक मांडणाऱ्याला हे लक्षात येत नाही. "पाचशे जरा जास्त वाटतात," असा शेरा मला एका देणगीदाराकडून लेखी आला आहे.

"परवा ये मग," मी म्हटलं. "आणि जाऊबाईला पाठव उद्या."

"ती बी तिकडंच."

सव्वानऊ

रोपवाटिकेत दहा मिनिटं. भेर्ली माडाची रोपं वीतभर झालीत, अंजनीची त्याहून कमी. ही झाडं हळू वाढतात. देणारे येतात तेव्हा त्यांना कमरेएवढी, हिरवीगार, हातात धरून फोटोत दिसतील अशी रोपं लागतात. तशी दोन-अडीचशे रोपं आम्ही पुढच्या रांगेत ठेवतोच. धंद्यातला भाग आहे.

साडेनऊ

मजुरी वाटताना वहीत दोन रकाने भरावे लागतात. कुणाला किती दिले हा पहिला, आणि कुठल्या कलमातून दिले हा दुसरा. डोकं दुसऱ्याला लागतं. मंजूर अंदाजपत्रकातली कलमं अशी: रोपं, खड्डे, खत, कुंपण, माहितीफलक, उद्घाटन कार्यक्रम, एक वर्षाची देखभाल. देखभालीचे पैसे डिसेंबरातच संपले. जाळरेषा हे कलमच नाही. राखणदाराचा पगारही नाही. चौकशी केली तेव्हा पलीकडून उत्तर आलं की "आउटपुट काय दाखवणार?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. राखणदाराने काम चोख केलं, तर वर्षाअखेरीला दाखवायला काही उरत नाही. आग लागली नाही, झाड पडलं नाही, कुऱ्हाड आली नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो कसा काढणार? लावलेल्या झाडाचा मात्र निघतो. महाराष्ट्र सरकारने २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं, तेव्हा आकडे खड्ड्यांचे आणि रोपांचे होते. तिसऱ्या उन्हाळ्यात किती जगली हा आकडा त्या मानाने फारच हळू आवाजात बोलला जातो. हा काही एका सरकारचा दोष म्हणता येणार नाही. पैसे देणारा जगभर असाच असतो: त्याला सुरुवात करायला आवडते. रोज सकाळी उठून जे करावं लागतं त्याला पैसे देणारा विरळा.

आजची मजुरी मी संस्थेच्या स्वतःच्या पैशांतून लिहिली. ते पैसे म्हणजे पुण्यातल्या काही निवृत्त शिक्षकांनी, बँकवाल्यांनी दरवर्षी न विचारता पाठवलेले हजार-दोन हजार. पावती मागतात, अहवाल मागत नाहीत.

अकरा

ग्रामपंचायत. जैवविविधता समितीच्या ठरावावर सह्या घ्यायच्या होत्या. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे प्रत्येक गावात समिती आणि लोकांनी तयार केलेली नोंदवही हवी. बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये मुदत घातली: ३१ जानेवारी २०२०, नाहीतर महिन्याला १० लाखांचा भुर्दंड. त्यानंतर देशभर नोंदवह्या भराभर तयार झाल्या. इथलीही आहे, कपाटात, छान बांधलेली. गावातून हिरडा, बेहडा, मध नेऊन धंदा करणाऱ्याने लाभातला वाटा द्यायचा आणि तो समितीच्या निधीत यायचा, असं कायद्यात आहे. २०१४ च्या नियमांत दर होता कारखान्यातून निघणाऱ्या मालाच्या विक्रीवर ०.१ ते ०.५ टक्के. आमच्या समितीचं पासबुक मी पाहिलं आहे. त्यात बँकेने दिलेलं व्याज आहे.

तिथेच बाकड्यावर बसून सरपंचबाईंशी बोलणं झालं. बाई स्पष्ट आहेत. "तुम्ही म्हणता जंगल राखा. मला सांगा, राखलं तर पंचायतीला काय मिळतं?"

मी गप्प राहिले, कारण हा हिशेब त्यांना माझ्याहून चांगला येतो. गावात जमिनीचा व्यवहार झाला की खरेदीखतावर मुद्रांक शुल्क लागतं, त्यात जिल्हा परिषदेचा जादा एक टक्का असतो, आणि त्यातला वाटा मुद्रांक शुल्क अनुदान म्हणून ग्रामपंचायतीला मिळतो. म्हणजे डोंगर गुंठ्या-गुंठ्याने फार्महाऊसला गेला तर पंचायतीच्या खात्यात रक्कम येते. शिवाय बंगला उभा राहिला की घरपट्टी. तोच डोंगर उभा राहिला तर काहीच नाही. केंद्राकडून येणारा वित्त आयोगाचा निधी मुख्यतः डोकी मोजून येतो, आणि जंगलातल्या गावात डोकीच कमी.

यातली गंमत अशी की जंगलाचे पैसे मिळतात, पण ते गावाला नाही. १४ व्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या वाटपात जंगलाच्या आच्छादनाला ७.५ टक्के वजन दिलं, १५ व्याने ते १० टक्के केलं. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर, जंगल राखलं म्हणून राज्यांना करातला वाटा देणारी व्यवस्था शोधून सापडणार नाही, आणि त्याबद्दल दिल्लीचं कौतुक व्हायला हवं. पण ते पैसे राज्याच्या तिजोरीत मिसळतात. मुंबईत पोहोचल्यावर त्यांच्यावर ताम्हिणीचं नाव कुठे लिहिलेलं असतं?

"म्हणजे आमच्या झाडांवर सरकारला पैसे," सरपंचबाई म्हणाल्या.

"राज्याला. हो."

"आणि आम्हाला झाड तोडलं म्हणून केस."

सह्या मात्र झाल्या.

पावणेबारा

पंचायतीतून बाहेर पडताना ओळखीचा एक मुलगा भेटला. पुण्यात अर्थशास्त्रात एम. ए. करतोय, प्रकल्पासाठी प्रश्न घेऊन आलेला. "मॅडम, जंगलाची किंमत काढता येते का?"

येते की. आपल्या देशात ती छापील आहे. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर घेणाऱ्याने निव्वळ वर्तमान मूल्य भरायचं. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बसवलं, कांचन चोप्रा समितीने हिशेबाची रीत सुचवली, आणि २००८ च्या निकालाने दर ठरले: हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख. २०२२ मध्ये ते वाढून साधारण ९.५७ लाख ते १५.९५ लाख झाले. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. हा पैसा भरपाई वनीकरणाच्या निधीत जातो. त्याचा कायदा २०१६ चा. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने साठलेले ४७ हजार कोटींच्या वर राज्यांना सोडले, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले.

"मग पैसा आहेच की," तो म्हणाला.

आहे. पण नीट बघ, म्हटलं. जंगलाला ही किंमत येते कधी? ते तोडायला परवानगी मिळते तेव्हा. तोडलं की हेक्टरी इतके लाख. उभं असताना त्याच हेक्टरच्या नावाने दरवर्षी किती येतात, हा तुझ्या प्रकल्पाचा विषय. आणि खाजगी मालकीच्या जंगलाला, देवाच्या नावच्या राईला तर या निधीची दारंसुद्धा सहसा उघडत नाहीत. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. पोरगं हुशार आहे, पण कुणी ना कुणी त्याला बँकेत नोकरी देईल.

साडेबारा

कंपनीची माणसं आली. हिंजवडीहून, दोन गाड्या, सात जण. नाव घेत नाही. माणसं चांगली आहेत आणि त्यांच्यामुळेच आमच्या दोन राईंना कुंपण झालं. कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं: निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटी, यांपैकी काहीही असलेल्या कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचे. आमच्यासारख्या संस्थांसाठी तो दिवाळीचा दिवस होता, खोटं कशाला बोलू? पण दोन टक्क्यांना कंपनीचं वर्ष असतं आणि जंगलाला पावसाचं. पैसे सुटतात बहुधा डिसेंबर-जानेवारीत, खर्च दाखवायचा मार्चअखेर. या काळात सह्याद्रीत झाड लावणं म्हणजे रोप मारायलाच खड्डा खणणं. चालू प्रकल्प म्हणून नोंदवलं तर न खर्चलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकून पुढे तीन वर्षं वापरता येतात. पण त्यासाठी वर कुणीतरी ठराव करायला लागतो, आणि तो करायला कुणालाच फारसा उत्साह नसतो.

त्यांना धरणाकडे नेलं. बंधाऱ्यावरून पाण्याकडे बघत एका तरुण मॅनेजरने विचारलं, "हे पाणी पुण्याला जातं ना?"

नाही, हे पाणी पश्चिमेला वळवून घाटाखाली भिऱ्याला नेलं आहे. तिथे टाटांचं वीजघर आहे, आणि वीज मुंबईच्या दिशेने. नीला आणि मुळा अडवून धरण झालं, त्याआधी १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यात उतरले, तीनेक वर्षं झुंज चालली आणि गावं बुडालीच. सगळे जरा गप्प झाले. मी इतिहासासाठी सांगत नव्हते. या पाण्याच्या वरच्या अंगाला जे डोंगर आहेत, त्यांवरचं रान गेलं तर माती धुपून तळाशी बसणार. रान राखणाऱ्याची मेहनत विजेच्या दिव्यापर्यंत पोहोचते, पण विजेच्या बिलावर पाणलोटाच्या नावाची ओळ नसते. कोस्टारिकासारख्या छोट्या देशाने १९९७ पासून पेट्रोल-डिझेलवरच्या करातला हिस्सा काढून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना वर्षाला ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली. वाण्याच्या उधारीसारखा साधा हिशेब: तू राखलंस, मी वापरलं, हे घे. आपल्याकडे अशा प्रस्तावाला पहिला प्रश्न येतो की सातबारा कुणाच्या नावावर आहे. आणि मुळशीत सातबारा सहसा मुंबईत राहणाऱ्या चार चुलत भावांच्या नावावर असतो.

"इंटरेस्टिंग," मॅनेजर म्हणाला. मग सगळ्यांनी रोपं हातात घेतली. कमरेएवढी.

तीन

जेवण गाडीतच. मग पौडच्या खोलीत, पंख्याखाली, आमच्या हिशेबनिसांबरोबर उपयोगिता प्रमाणपत्र. हिशेबनीस काका सहकारी बँकेतून निवृत्त. प्रत्येक बिलाच्या मागे पेन्सिलने क्रमांक घालतात आणि ट्रॅक्टरच्या भाड्याचं बिल हाताने लिहिलेलं असलं की उसासा टाकतात.

"प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर जातोय."

"काका, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. नियमात तसंच आहे."

"नियमात असेल. त्यांच्या फॉर्मात आपल्याला आहे."

म्हणजे माझा पगार, काकांचं मानधन, या खोलीचं भाडं आणि लेखापरीक्षकाची फी, सगळं पाच टक्क्यांत. उरलेलं राखणदाराच्या पगाराला लावता येतं का? नाही, कारण तो पगार, आणि पगार म्हणजे प्रशासन. डोंगरात रात्री बॅटरी घेऊन फिरणारा माणूस कुठल्या अंगाने प्रशासन आहे, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

पूर्वी याला एक पळवाट होती, सरळ मार्गाची. परदेशी निधी मोठ्या संस्थेकडे यायचा, ती आमच्यासारख्यांना त्यातला भाग द्यायची, आणि परदेशी देणगीदार पगाराला नाक मुरडत नसत. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेने दुसरीला पैसे पुढे द्यायला बंदी आली, प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० वर आला, आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडायचं झालं. गैरवापर होत होता, हे मान्य. पण आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या संस्थांचा नळ त्याच दिवशी बंद झाला. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलच्या परिषदेत जगाने ठरवलं की २०३० पर्यंत जैवविविधतेसाठी दरवर्षी २०० अब्ज डॉलर उभे करायचे, आणि त्यातले ३० अब्ज श्रीमंत देशांनी गरीब देशांना द्यायचे. तो पैसा उद्या खरंच आला, तरी दिल्लीहून पौडला येणारा रस्ता कुठला, हे काकांना विचारलं. ते म्हणाले, "चांदणी चौकातून, पण ट्रॅफिक असतो."

सव्वापाच

दिवसातलं खरं काम हे. देवस्थान समितीची बैठक, राईच्या तोंडाशी, वाघजाईच्या समोर. देवी उघड्यावर आहे, वर पत्रा. समितीला स्लॅबचं मंदिर बांधायचंय. मुंबईकर मंडळींची वर्गणी येतेय, पण कमी पडतेय. एका व्यापाऱ्याने सुचवलंय की पडलेली लाकडं आणि "बांधकामाला आडवी येणारी" चार झाडं द्या, फरक मी भरतो. चारांतलं एक झाड बेहड्याचं आहे, दोन माणसांच्या कवेत न मावणारं.

सह्याद्रीतल्या देवराया १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी गावोगाव फिरून नोंदल्या. पिढ्यान् पिढ्या त्या टिकल्या, त्याला कुणी रुपया दिला नव्हता. भीती होती, श्रद्धा होती, आणि लाकडाला गावाबाहेर गिऱ्हाईक नव्हतं. तिन्हीतली शेवटची गोष्ट रस्ता आल्यावर गेली. श्रद्धा आहे, उलट वाढलीय, पण ती आता झाडातून निघून मंदिरात गेली आहे, आणि मंदिराला सिमेंट लागतं.

"पोरी, तू पैशाचं बोल," आबा म्हणाले. समितीत सगळ्यात वडील.

बोलले. मंदिराचा ओटा आणि नवा पत्रा आम्ही करून देतो, त्याला एका घरगुती ट्रस्टची मंजुरी आहे. बदल्यात दहा वर्षं राईतलं झाड हलवायचं नाही, असा लेखी करार. ही कल्पना आमची नाही. पुण्याच्या एका जुन्या संस्थेने, अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने, संगमेश्वरच्या बाजूला गावांशी असे करार केले. बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, म्हणून ती झाडं राखायची आणि हिरडा-बेहडा फेअरवाइल्ड प्रमाणपत्राने चांगल्या भावात विकायचा, असं तिथे उभं राहिलं. फळाला भाव आला की झाड तोडणं परवडत नाही. आमच्या राईत हिरडा थोडा, बेहडा मोजका, त्यामुळे तेवढ्यावर भागणार नाही, हेही सांगितलं.

"दहा वर्षं," आबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "तुझ्या कंपनीचा कागद किती वर्षांचा?"

"एक."

"आणि आमच्याकडनं दहाचा मागतीस."

याला उत्तर नव्हतं. कुणीतरी हसलं. मग बराच वेळ स्लॅबवर वाद झाला. तरुण पोरांचं म्हणणं की शेजारच्या गावाचं मंदिर झालं, आपली देवी पत्र्याखाली का? एका आजीने मध्येच सांगितलं की वाघजाईला वर छप्परच नको असतं, सासऱ्यांनी एकदा घातलेलं ते वादळाने नेलं. पोरं गप्प बसली, पण पटलं असं नाही. शेवटी ठरलं ते इतकंच: बेहड्याला हात लावायचा नाही, मंदिराचा नकाशा दोन हात सरकवायचा, आणि कराराचा कागद पाच वर्षांचा करून आणायचा. उरलेल्या तीन झाडांचं पुढच्या अमावस्येला बघू.

मला हा सौदा चांगला वाटतो. आमच्या विश्वस्तांना वाटणार नाही.

रात्री नऊ

घरी. पोरीचा अभ्यास, भांडी, मग लॅपटॉप. एका मोठ्या निधीचा ऑनलाइन अर्ज, उद्या शेवटची तारीख. या वेळी धीर करून सरळ मांडायचं ठरवलंय: दोन राखणदार, तीन वर्षं, पूर्ण पगार आणि विमा, जाळरेषा दोनदा, काढायची आणि झाडायची, समित्यांच्या बैठकांचा प्रवास, देवस्थानांना वर्षाला ठरावीक राखण-मानधन. नवीन लागवड नाही, कारण राईत लावायला जागाच नाही, ती आधीच भरलेली आहे. उद्दिष्टाच्या चौकटीत लिहिलं की आज उभी असलेली प्रत्येक राई तीन वर्षांनी तेवढीच उभी असेल. वाचून बघितलं. बरं वाटलं.

पुढच्या पानावर सक्तीचा रकाना: "लावण्यात येणाऱ्या झाडांची संख्या." शून्य घातलं. लाल अक्षरांत सूचना आली की योग्य संख्या भरा. एक घातला, चालला. मग कुंपणाच्या कडेच्या मोकळ्या जागा आठवून दोनशे केले, आणि शेऱ्यात लिहिलं की ही रोपं कामाचा मुख्य भाग नाहीत, कृपया तिसरं कलम वाचावं.